पलटी झालेल्या ट्रकातला तांदूळ

भुईगावात रोझलीनच्या शेडला कुणी दुकान म्हणत नसे. 'रिजेक्ट' म्हणत. "रिजेक्टमध्ये बघ, तिथे मिळेल," असं एकमेकांना सांगत. वालीवच्या गोडाऊनांमध्ये अडकून पडलेला माल ती उचलायची. कोपरा चेपलेला फ्रिज, पेट्या फाटलेला साबण, दोन फरश्या फुटल्या म्हणून नाकारलेला अख्खा खोका. ट्रकमध्ये माल आपटला, भिजला किंवा उशिरा पोचला की मागवणारा सही करत नाही. पाठवणाऱ्याला तो परत न्यायचं भाडं परवडत नाही. मग तो मधल्यामधे ट्रान्सपोर्टवाल्याच्या गळ्यात पडतो, आणि ट्रान्सपोर्टवाला गळ्यातलं काढून टाकायला कुणीतरी शोधत असतो. गेली काही वर्षं ते कुणीतरी म्हणजे रोझलीन होती. नवऱ्याच्या केळीच्या वाडीला लागून तिने पत्र्याची शेड घातली होती. सेबेस्टियन, तिचा नवरा, आधी लाजायचा. बायको भंगार विकते असं लोक म्हणतील म्हणून चर्चला जाताना शेडकडे पाठ करून चालायचा. पुढे त्याच्याच पायात रिजेक्टमधले बूट आले आणि तो विषय मिटला.

खाण्याचा माल मात्र ती शक्यतो घेत नसे. तांदूळ घेतला तो अल्पेशच्या शब्दावर. अल्पेश वालीवच्या एका ट्रान्सपोर्टचं गोडाऊन सांभाळायचा. तरुण, गोड बोलणारा. "मॅडम, नुसत्या गोण्या फाटल्यात. माल एक नंबर आहे. आम्ही नवीन गोण्यांत भरलाय," असं तो म्हणाला होता. तिने मूठभर तांदूळ नाकाशी नेला होता. दाणा लांब होता, पांढराशुभ्र होता. किंचित कसला तरी वास होता, गॅरेजमध्ये येतो तसा. "नवीन गोणीचा वास आहे, मॅडम," असं अल्पेश म्हणाला, आणि तिने मान डोलावली.

त्या शनिवारी सकाळी ती शेडमधली जाळी काढत होती. फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, दाढी वाढलेला, दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज. फाटकाची कडी त्याला काढता येईना, म्हणून तो नुसताच उभा होता.

"ताई, अल्पेशशेठच्या गोडाऊनवरून तांदूळ तुम्हीच उचलला ना?"

"हो. तुम्ही कोण?"

"मी दिनानाथ. तो ट्रक मी चालवत होतो." त्याने इकडे तिकडे पाहिलं. "तांदूळ अजून आहे का इथे?"

"आहेत बऱ्याच गोण्या. का?"

"विकू नका, ताई. जो विकलाय तो परत आणा."

तिने कडी काढली. तो आत आला, पण बसा म्हटलं तरी बसला नाही. शिरसाड फाट्याजवळ त्याचा ट्रक पलटी झाला होता. पुढच्या बाजूला तांदळाच्या गोण्या होत्या. आणि मागच्या बाजूला, बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, ज्यांचा उल्लेखही नव्हता असे कीटकनाशकाचे ड्रम होते. गोडाऊनवाल्यांनी जागा रिकामी दिसली म्हणून ऐन वेळी चढवलेले. ट्रक आडवा झाला तेव्हा ड्रम फुटले आणि सगळं तांदळावर आलं.

"गोण्या मीच ओढून काढल्या. मला कुठे माहीत होतं? संध्याकाळपर्यंत हातांची साल निघाली, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात होतो. काल सुटलो, कपड्यांची बॅग घ्यायला गोडाऊनवर गेलो तर गोण्या नाहीत. हमाल म्हणाला, उन्हात ताडपत्रीवर वाळवला, नवीन गोण्यांत भरला आणि भुईगावच्या मॅडमना दिला." तो थांबला. "तुमचा नंबर कुणी देईना. म्हणून बसने आलो."

रोझलीनला आधी रागच आला. कुठला कोण माणूस, मालकाशी भांडण झालं असेल, त्याचा माल बुडवायला आला असेल. तिने त्याच्यासमोरच अल्पेशला फोन लावला.

"कोण दिनानाथ? तो होय!" अल्पेश हसला. "अहो मॅडम, त्याला कामावरून काढलंय. गाडी पलटी केली साहेबांनी, आता सगळ्यांना घाबरवत फिरतोय. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"ड्रम होते की नव्हते?"



"होते असतील दोन-चार. पण तांदूळ आपण सुकवलाय ना. आणि लोक तांदूळ धुऊन घेतात, मॅडम. कोण कच्चा खातो?"

तिने फोन ठेवला. होते असतील दोन-चार. तो वास गोणीचा नव्हता, हे तिला त्या क्षणी कळलं. खरं तर तांदूळ घेतानाच कळलं होतं.

तिने शकूला फोन केला. शकू पाचूबंदरची, रोज भुईगावात मासे घेऊन यायची, गेल्याच आठवड्यात थोडा तांदूळ घेऊन गेली होती.

"शकू, तो तांदूळ खाल्लास का गं?"

"नाय अजून. का गो?"

"नक्की ना?"

"पाखडला न् चुरी कोंबऱ्यांना टाकली. काल सकाली बघते तर चार कोंबऱ्या आडव्या. पानी पन पीत नव्हत्या. मना वाटला गरमीनं मेल्या." मग शकूचा आवाज बदलला. "रोझलीन, काय झाला? त्या तांदलात काय हाय?"

"हात नको लावू. पोरांना लांब ठेव. मी सांगते नंतर."

सेबेस्टियन वाडीतून आला तेव्हा रोझलीन शेडच्या दारात उभी राहून कुणाकुणाला तांदूळ दिला ते बोटांवर मोजत होती. त्याने सगळं ऐकलं, दिनानाथच्या हातांकडे पाहिलं आणि मोटरसायकल काढली. गावातली घरं त्याला ठाऊक होती. तो घरोघर जाऊन तांदूळ परत आणणार होता. "काय सांगू त्यांना?" एवढंच त्याने विचारलं.

"खरं ते सांगा."

"मग शेड बंद होईल, रोझी."

"होऊ दे."

पण सगळ्यात जास्त तांदूळ लेस्लीने नेला होता. लेस्ली लग्नांची, बारशांची जेवणं करायचा. त्याचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. शेवटी तिने त्याच्या घरी लावला. त्याच्या बायकोने उचलला.

"ते कामावर आहेत. लग्नाचं जेवण आहे ना आज."

"कुणाकडे?"

"अगं, तुझ्याच नणंदेकडे. फेलिशियाबायच्या क्रिस्टीनाचं लग्न नाही का आज?"

रोझलीनने फोन ठेवला. ते लग्न तिला माहीत होतं. आमंत्रण नव्हतं. विहिरीकडे जायच्या वाटेवरून सेबेस्टियन आणि त्याची मोठी बहीण कोर्टात गेले होते, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं होतं. फेलिशिया समोरून आली तर रोझलीन रस्ता बदलायची. सकाळी चर्चमधली मिस्साची घंटा ऐकली तेव्हाही तिने मुद्दाम पंखा मोठा केला होता.

ती दिनानाथला म्हणाली, "चला माझ्याबरोबर. माझ्यावर तिथे कुणी विश्वास ठेवणार नाही."

स्कूटर तिने अशी कधीच चालवली नव्हती. वाड्यांमधल्या अरुंद गल्ल्यांत समोरून टेम्पो आला की थांबावं लागे, आणि प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांसमोर पानं मांडली जात होती. मागे दिनानाथ बँडेजचे हात वर धरून कसाबसा तोल सांभाळत होता.

फेलिशियाच्या अंगणात मांडव होता. चर्चमधून लोक परतू लागले होते. बाया आपापल्या लुगड्यांचे, साड्यांचे काठ सावरत खुर्च्यांवर बसत होत्या, बँडवाले झाडाखाली सरबत पीत होते. मागच्या बाजूला चुलीवर मोठं पातेलं होतं. नारळाच्या दुधाचा आणि लवंगांचा वास थेट गल्लीपर्यंत येत होता. पुलाव झाला होता.

"लेस्ली, कुणाला वाढलंस का?"

लेस्लीने मान वर केली. तिला बघून त्याचा चेहरा एकदम उतरला. "तू इथे काय करतेस?"

"वाढलंस का ते सांग!"

"अजून नाही. का?"

"तांदूळ माझ्याकडचा आहे ना?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. फेलिशियाचा नवरा गॉडफ्रे जवळच उभा होता. लेस्ली आवाज चढवून म्हणाला, "तुझ्याकडचा कशाला असेल? मी वसईच्या बाजारातून आणलाय. चांगला बासमती. रिजेक्टचा माल मी लग्नात वापरीन का?"

रोझलीनने सांगायला सुरुवात केली. ट्रक, ड्रम, शकूच्या कोंबड्या. तिला धाप लागली होती आणि शब्द एकमेकांत अडकत होते. माणसं गोळा झाली. गॉडफ्रे म्हणाला, "रोझलीन, आज नको. जे काय आहे ते उद्या बोलू." कुणीतरी मागून म्हणालं, बोलावलं नाही म्हणून आली दंगा करायला. दिनानाथने हात पुढे केले, "मी सांगतो, साहेब, मी तो ट्रक..." पण त्याला कुणी ओळखत नव्हतं. दोन तरुण पोरांनी त्याला खांद्याला धरून मागे लोटलं.

मग गर्दीतून फेलिशिया आली. जांभळी साडी, केसांत फुलं. मिस्सात रडून डोळे लाल झालेले. ती रोझलीनसमोर येऊन थांबली.

"माझ्या पोरीच्या लग्नात?" ती हळू म्हणाली. "वाट पाहिजे होती ना तुला? घे ती वाट. पण आजचा दिवस तरी सोड."

"वाट गेली खड्ड्यात, बाय. मला शिव्या दे, पोलीस बोलाव, काय वाटेल ते कर. पण हा भात कुणाला वाढू नकोस. त्यात विष आहे. आणि ते मीच विकलंय."

फेलिशिया तिच्याकडे बघत राहिली. रोझलीन खोटं बोलायची तेव्हा कशी दिसायची हे तिला कोर्टात बघून माहीत होतं. ती वळली. टेबलावरची एक ताटली उचलली, पातेल्याचं झाकण सरकवलं, वाफाळता पुलाव ताटलीत घेतला आणि लेस्लीसमोर धरला.

"खा."

"अगं, मी काम करताना..."

"बाजारातला आहे ना? मग खा. दोन घास."

लेस्लीने ताटली हातात घेतली.  बँडवाल्यांपैकी कुणीतरी ट्रम्पेटमधून हवा काढली, तोही आवाज मोठा वाटला. लेस्लीने घास उचलला, दिनानाथच्या हातांकडे बघितलं. बँडेजच्या कडेने लाल, सोललेली कातडी दिसत होती. घास ताटलीत पडला.

"थोडाच घेतला होता तिच्याकडून," तो पुटपुटला. "बाकीचा बाजारातला आहे. सगळा एकत्र शिजवलाय."

फेलिशियाने त्याच्या हातातली ताटली काढून घेतली. त्याला थोबाडीत मारेल असं रोझलीनला वाटलं. पण ती गॉडफ्रेकडे वळून म्हणाली, "चुली विझवा. पातेल्याला कुणी शिवू नका, फेकूही नका, गुरांच्या तोंडी जाईल. आगाशीच्या बेकरीत माणूस पाठव, जेवढे असतील तेवढे पाव आण. मटण आहे, पावाबरोबर खातील." मग ती मांडवाकडे निघाली. जाता जाता रोझलीनला म्हणाली, "तू जा आता." आवाजात राग होता का, ते रोझलीनला कळलं नाही.

ती स्कूटरपाशी पोचते तोच फोन वाजला. सेबेस्टियन होता.

"घरोघरचा तांदूळ आला सगळा. म्हाताऱ्या इनासने काल पेज खाल्ली होती, पोटात मुरडा येतोय म्हणाला, त्याला दवाखान्यात पाठवलंय. आणि रोझी, अल्पेश आलाय. टेम्पो घेऊन. म्हणतो, सगळा माल परत नेतो, पैसेही परत देतो. गोण्या चढवायला सांगू का?"

"थांबवा. मी येते."

वाटेत दिनानाथ मागून म्हणाला, "ताई, देऊ नका त्याला."  तिच्या मनात नको नको ते चाललं होतं. माल गेला तर शेडमध्ये काहीच राहणार नाही. पोलीस आले तर त्यांना काही सापडणार नाही. चूक झाली, सुधारली, संपलं. सेबेस्टियनच्या आवाजातसुद्धा तीच सुटका होती.

शेडसमोर छोटा टेम्पो मागची बाजू आत करून लावला होता. अल्पेश इस्त्रीच्या शर्टात हसत उभा होता. दिनानाथला पाहून त्याचं हसू थोडं आवळलं.

"मॅडम, माझंच चुकलं. मला वरून सांगितलं तसं मी केलं. आता विषय वाढवू नका. माल मी घेऊन जातो, तुमचं नावही कुठे येणार नाही."

"कुठे नेणार?"

"कंपनीला परत."

"कंपनीने तर नाकारलाय."

"मग डिस्पोज करू. त्याची सिस्टीम असते, मॅडम."

"कुठे डिस्पोज करणार? कुणाकडे?"

"तुम्हाला काय करायचंय त्याचं? तुमच्याकडून गेला ना."

ती टेम्पोच्या मागे गेली. आत ताडपत्रीखाली रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा होता. कोऱ्या. त्यांच्यावर भलत्याच कुठल्या तरी मिलचं नाव छापलेलं होतं, शेजारी शिवायची सुई आणि सुतळी. तिने ताडपत्री परत टाकली. आणखी कुठेतरी, नालासोपाऱ्याला, पालघरला, सफाळ्याला, तिच्यासारखीच एखादी बाई शेड उघडून बसली असेल. ती मूठभर तांदूळ नाकाशी नेईल. नवीन गोणीचा वास आहे, मॅडम. आणि ती मान डोलावेल.

"चढवा रे," अल्पेश हमालांना म्हणाला.

रोझलीन शेडमध्ये शिरली. आतून लोखंडाचा खणखणाट ऐकू आला. मागच्या भिंतीला निळ्या ऑईलपेंटचे चेपलेले डबे होते, जे महिनोन् महिने खपत नव्हते. तिने पाना घालून पहिल्याचं झाकण उचकटलं. तांदळाच्या गोणीचं तोंड चाकूने फाडलं आणि डबा उपडा केला. मग दुसरी गोणी, दुसरा डबा.

"ओ, काय करताय!" अल्पेश आत धावला. त्याने तिचा दंड धरला. रंग त्याच्या शर्टावर उडाला. तिने हिसका दिला, पण त्याची पकड सुटली नाही. "वेडी झालीस काय? लाखाचा माल आहे!"

"हात सोड तिचा," सेबेस्टियन म्हणाला. तो गरीब माणूस, आयुष्यात कुणावर ओरडला नव्हता. त्याच्या हातात आता कोयता होता, केळीचे घड उतरवायचा. अल्पेशने हात सोडला.

सेबेस्टियनने कोयता खाली ठेवला आणि पुढचा डबा स्वतः उघडला. दिनानाथला हाताने काही करता येत नव्हतं, म्हणून तो पायाने रिकामे डबे बाजूला सारत होता. तोंडाला रुमाल बांधून, प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांत घालून नवरा-बायकोने एकेक गोणी फाडली. घरोघरून आलेल्या पिशव्याही त्यातच ओतल्या. हमाल टेम्पोपाशी उभे राहून बघत राहिले. तांदूळ निळा झाला, चिकट झाला, त्याचे गोळे झाले. आता तो कुणाला, कुठल्याच नावाने विकता आला नसता. फक्त एक गोणी रोझलीनने तशीच ठेवली आणि तिच्यावर जाऊन बसली.

"ही पोलिसांसाठी," ती म्हणाली.

अल्पेशने फोन काढला, कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलला आणि टेम्पोत जाऊन बसला. पण टेम्पो गल्लीच्या तोंडाशी अडला. समोरून लग्नाच्या कपड्यांत गॉडफ्रे येत होता, आणि त्याच्या मागे चौकीवरचे दोन पोलीस. फेलिशियाने पाठवले होते.

पुढचं सगळं हळूहळू झालं. सरकारी माणसं नमुने घेऊन गेली. तपासणीत विष निघालं. निळा तांदूळ आणि लग्नाचं पातेलं घातक कचरा नेणाऱ्या गाडीतून गेलं, कुठे गेलं ते रोझलीनने त्या माणसाला तीनदा विचारून खात्री करून घेतली. म्हातारा इनास दोन दिवसांनी घरी आला आणि जो भेटेल त्याला पेजेची गोष्ट सांगू लागला. अल्पेश आणि त्याच्या वरचे दोघं आत गेले, जामिनावर सुटले, केस उभी आहे. दिनानाथने जबाब दिला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. तो आता विरारला एका शाळेची बस चालवतो.

रोझलीनलाही चौकीत बसवलं. साहेबांनी विचारलं, घेताना काही संशय आला नव्हता का? सेबेस्टियनने तिच्याकडे पाहिलं. वकिलाने नाही म्हणायला शिकवलं होतं. "वास आला होता," ती म्हणाली. "मी लक्ष दिलं नाही." त्यामुळे तिचंही नाव केसमध्ये आहे आणि शेडला सील आहे. फेलिशियाने लेस्लीविरुद्ध आणि अल्पेशविरुद्ध जबाब दिला. 'माझ्या भावजयीने येऊन थांबवलं' असं त्यात लिहिलंय, असं वकील म्हणाला. विहिरीच्या वाटेची तारीख मात्र पुढच्या महिन्यात आहेच, आणि दोघी समोरासमोर आल्या तर अजून बोलत नाहीत. फक्त रोझलीन आता रस्ता बदलत नाही.

तिला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. पोलिसांनी सगळ्या गिऱ्हाइकांची नावं मागितली तेव्हा तिला ते जोडपं आठवलं. रविवारी समुद्रावर आलेलं, स्कूटरवरचं, नुकतंच लग्न झालेलं असावं. बाईच्या हातात हिरवा चुडा होता. जाता जाता शेड दिसली म्हणून थांबले, हसत हसत पाच किलो तांदूळ घेतला. कुठले, तिने विचारलं नव्हतं. जूचंद्रचे म्हणाले होते असं तिला कधी वाटतं, कधी नाही. गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज गेला, चर्चमध्ये फादरनी सांगितलं, दवाखान्यांत पोलिसांनी चौकशी केली. कुणी आजारी पडल्याची नोंद मिळाली नाही. चांगलंच झालं म्हणायचं.

पण त्यांचा फोनही आला नाही. रविवारी दुपारनंतर रोझलीन समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सील लागलेल्या शेडसमोर खुर्ची टाकून बसते. स्कूटर आली की उठून उभी राहते. मागे बसलेल्या बाईचे हात बघते. चुडा आता उतरवला असेल, हे तिला कळतं, तरी बघते.